अमेरिकेतलं मध्यम पल्ल्याचं धावणं

८०० मीटर, १५०० मीटर आणि मैल या शर्यतींमधली अमेरिकेची परंपरा आणि जगातलं तिचं स्थान. अमेरिका म्हटलं की बहुतेकांना १०० मीटरवाले आणि रिलेच आठवतात, मधले पल्ले केनिया, इथिओपिया, मोरोक्को आणि पूर्वी ब्रिटनच्या नावावर जमा असतात. हे पूर्ण खरं नाही आणि कधीच नव्हतं. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या १५०० मीटरमध्ये अमेरिकेचे दोघं पदकावर होते, असं याआधी १९१२मध्ये झालं होतं.

आधी अंतरांचा घोळ समजून घ्यायला हवा, नाहीतर रेकॉर्डची तुलना चुकते. मैल म्हणजे १६०९.३४४ मीटर. जुने अमेरिकन ट्रॅक ४४० यार्डांचे असायचे, त्यात बरोबर चार लॅप म्हणजे मैल. ट्रॅक ४०० मीटरचे झाले तेव्हा चार लॅपचे १६०० मीटर झाले, म्हणजे मैलाला ९.३४४ मीटर कमी, आणि अमेरिकन शाळांमध्ये आजही बहुतेक ठिकाणी ही १६०० मीटरचीच शर्यत होते जी जगात दुसरीकडे जवळपास कुणीच पळत नाही. कॉलेजात इनडोअरला मैल आणि आउटडोअरला १५०० मीटर, म्हणजे पावणेचार लॅप. एकच मुलगा चार-पाच वर्षांत तीन वेगवेगळी अंतरं पळतो. १५००च्या वेळेला १.०८ने गुणलं की मैलाची साधारण वेळ मिळते, आणि हा हिशोब बऱ्यापैकी जुळतो: अमेरिकेच्या यारेड नुगुसेचा मैल ३:४३.९७ (युजीन, २०२३), त्याला १.०८ने भागलं तर ३:२७.४ येतात आणि पुढच्या वर्षी पॅरिसला तो १५०० मीटर ३:२७.८० मध्ये पळाला.

सुरुवात नक्की कुठून धरायची यावर एकमत नाही. काहीजण १८८०च्या सुमारास लॉन मायर्सपासून धरतात, तो ४४० यार्ड ५० सेकंदांच्या आत पळायचा आणि ८८० यार्डांतही त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं. काहीजण १८९५मधल्या टॉमी कॉनेफच्या ४:१५.६ च्या मैलापासून धरतात, पण कॉनेफ जन्माने आयरिश, त्यामुळे हा रेकॉर्ड कोणत्या देशाच्या परंपरेत मोजायचा हा प्रश्न उरतोच. कागदोपत्री भक्कम म्हणावा असा पहिला टप्पा जॉन पॉल जोन्सचा, त्याचा ३१ मे १९१३चा ४:१४.४ हा मैल आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्य केलेला मैलातला पुरुषांचा पहिला विश्वविक्रम.

दोन वर्षांनी नॉर्मन टेबरने हार्वर्ड स्टेडियमवर ४:१२.६ केले आणि इथं खरा वाद सुरू होतो. ब्रिटनच्या वॉल्टर जॉर्जने १८८६मध्येच ४:१२¾ केले होते, पण तो व्यावसायिक शर्यतीत, म्हणून अधिकृत यादीत ते बसत नाहीत. टेबरने जॉर्जला मागं टाकलं असं बऱ्याच ठिकाणी सरळ लिहिलेलं असतं. फरक मात्र ०.१५ सेकंदाचा आहे, आणि जॉर्जची वेळ पाव सेकंदात नोंदलेली तर टेबरची एक पंचमांश सेकंदात, म्हणजे फरक घड्याळाच्या एका टिकपेक्षाही लहान. त्यात टेबरची शर्यत हँडिकॅपची होती, काही धावपटूंना पुढून सोडलेलं, म्हणजे पाठलाग करायला समोर माणसं होती. दोघांना बरोबरीचं मानणं हेच जास्त सुरक्षित वाटतं.

ऑलिंपिकमधली सुरुवातीची यशं थोडी जपून वाचावी लागतात. १९०४मध्ये सेंट लुईसला जेम्स लाइटबॉडीने ८००, १५०० आणि स्टीपलचेस (अडथळे ओलांडत पळायची शर्यत) तिन्ही जिंकल्या, पण तिथं आलेले धावपटू बहुतेक अमेरिकनच होते. १९०८ला लंडनमध्ये मेल शेपर्डने ८०० आणि १५०० दोन्ही जिंकल्या, ते यश मात्र पूर्ण वजनाचं. त्यानंतर ८०० मीटरची रांग चालूच राहिली: १९१२ला टेड मेरेडिथ, १९३६ला बर्लिनमध्ये जॉन वुडरफ, १९४८ आणि १९५२ला माल व्हिटफिल्ड (दोन्ही वेळा १:४९.२), १९५६ला टॉम कोर्टनी. आणि १९७२ला म्युनिकमध्ये डेव्ह वॉटल, डोक्यावर गोल्फची टोपी, पहिल्या लॅपला सगळ्यांच्या मागे, शेवटच्या सरळ पट्ट्यात एकेकाला गाठत ०.०३ सेकंदाने जिंकला, आणि राष्ट्रगीताच्या वेळी टोपी काढायची राहून गेली. त्यानंतर आजपर्यंत अमेरिकन पुरुषाला ८००चं ऑलिंपिक सुवर्ण मिळालेलं नाही, ही गोष्ट १५००च्या दुष्काळाइतकी कुणी बोलत नाही पण ती तितकीच मोठी आहे.

१५००चा दुष्काळ म्हणजे १९०८ ते २०१६, ऑलिंपिक सुवर्णाशिवाय १०८ वर्षं. हा आकडा फार वापरला जातो आणि त्यामुळे असं वाटतं की मधे काहीच नव्हतं. खरं तर लहानपणी शाळेच्या आगीत पाय भाजलेला ग्लेन कनिंगहॅम १९३६मध्ये रौप्य घेऊन आला, ते सुद्धा न्यूझीलंडच्या जॅक लव्हलॉकने विश्वविक्रम केला त्या शर्यतीत. डॉन बाउडनने १९५७ला ३:५८.७ करून चार मिनिटांच्या आत मैल पळणारा पहिला अमेरिकन होण्याचा मान मिळवला. आणि जिम रायन. कॅन्ससचा हा पोरगा १९६४ला शाळेत असताना ३:५९.० पळाला, १९६६ला ३:५१.३, १९६७ला ३:५१.१, त्याच वर्षी १५०० मीटर ३:३३.१. मैलाचा त्याचा रेकॉर्ड १९७५पर्यंत टिकला. पण १९६८ची फायनल समुद्रसपाटीपासून २२४० मीटर उंचीवरच्या मेक्सिको सिटीत झाली, केनियाचा किप केनो पुढे निघून गेला, ३:३४.९, आणि रायन ३:३७.८ ला दुसरा. १९७२ला तो हीटमध्येच, म्हणजे पहिल्या फेरीतच, पडला. इतका मोठा धावपटू आणि ऑलिंपिक सुवर्ण नाही, हे वाचताना आजही वाईट वाटतं.

मग घसरण का झाली? एक मत असं की आफ्रिकन देश पुढे आले, बाकी जग आपोआप मागे पडलं. दुसरं मत अमेरिकेने १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकवर टाकलेल्या बहिष्काराकडे बोट दाखवतं. तिसरं मत असं की मुळातच खाली पाया कमी झाला, आणि पुरावा या तिसऱ्या मताकडे जास्त झुकतो. शाळेत असताना चार मिनिटांच्या आत मैल पळणारे रायन (१९६४), टिम डॅनियलसन (१९६६), मार्टी लिक्वोरी (१९६७), आणि त्यानंतर थेट २००१मध्ये अॅलन वेब, जो ३:५३.४३ पळाला आणि रायनचा ३:५५.३ चा शालेय रेकॉर्ड मोडला. चौतीस वर्षं एकही नाव नाही. आफ्रिकन धावपटूंमुळे अमेरिकन शाळकरी मुलगा हळू का पळेल? स्टीव्ह स्कॉटसारखे (मैल ३:४७.६९, १९८२, आणि १३६ वेळा चार मिनिटांच्या आत) अपवाद होते, पण रांग तुटली होती. वेबने २००७ला बेल्जियममध्ये ३:४६.९१ केले तो राष्ट्रीय विक्रम सोळा वर्षं राहिला. त्याच वर्षी ओसाकाला केनियात जन्मलेल्या बर्नार्ड लगाटने अमेरिकेसाठी १५०० आणि ५००० दोन्ही विश्वविजेतेपदं घेतली.

महिलांची बाजू वेगळी, कारण त्यांच्या शर्यतीच उशिरा आल्या: ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर १९२८ला एकदा होऊन थेट १९६०ला परत आली आणि १५०० तर १९७२पासून. मॅडलिन मॅनिंगने १९६८ला ८००चं सुवर्ण घेतलं, पुढचं २०२१ला टोकियोत अथिंग मूने, १:५५.२१. मधे किम गॅलाघरची १९८४ आणि १९८८ची पदकं. मेरी डेकरने १९८३ला हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत १५०० आणि ३००० जिंकले, १९८५ला मैल ४:१६.७१ विश्वविक्रम. १५०० मीटरमध्ये अमेरिकन महिलेचं एकमेव ऑलिंपिक पदक म्हणजे जेनी सिम्पसनचं २०१६चं कांस्य.

व्यवस्थेबद्दल थोडं. सरकारी क्रीडाखात्यासारखं तिथं काही नाही. शाळा, मग कॉलेजची स्कॉलरशिप, मग बूट कंपनीचा करार. ऑलिंपिकसाठी निवड फक्त ट्रायल्सच्या, म्हणजे राष्ट्रीय निवड स्पर्धेच्या, फायनलमधून, पात्रतेचा निकष पुरा केलेले पहिले तीन जातात, बाकी कितीही मोठं नाव असो घरी. २०२४ला अथिंग मू ट्रायल्सच्या फायनलच्या पहिल्याच लॅपमध्ये पडली आणि गतविजेती असूनही ८०० मीटरसाठी पॅरिसला गेली नाही. आपल्या बीडचा धावपटू अविनाश साबळे अमेरिकेतच सरावाला असायचा, कोलोराडो स्प्रिंग्जला, आणि २०२२मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन हुआन कॅपिस्ट्रानोत त्याने ५००० मीटर १३:२५.६५ पळून १९९२पासूनचा बहादूर प्रसादचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

२०१६ला रिओत मॅथ्यू सेंट्रोविट्झ जिंकला, वेळ ३:५०.००, १९३२नंतरची सगळ्यात हळू ऑलिंपिक फायनल. पुढे राहून वेग दाबून धरला आणि शेवटचा लॅप ५१ सेकंदांच्या आत मारला. त्याचे वडीलही १९७६ला ऑलिंपिकमध्ये हीच शर्यत पळाले होते. वेळ हळू म्हणून या सुवर्णाला कमी लेखणारे आहेत, ते पटत नाही, फायनल घड्याळाशी नसते.

पॅरिस बरोबर उलटं. नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्टसेनने पहिले ४०० मीटर ५५ सेकंदांच्या आत खेचले आणि सगळ्यांना ताणत नेलं. शेवटच्या वळणावरून बाहेर पडताना अमेरिकेचा कोल हॉकर आतून घुसायला गेला, इंगेब्रिग्टसेन आत सरकला, हॉकरला पाय आखडावे लागले, एवढ्यात ब्रिटनचा जोश केर बाहेरून आला. हॉकरने परत आतूनच जागा शोधली आणि शेवटच्या काही मीटरांत दोघांना मागे टाकलं. ३:२७.६५, ऑलिंपिक विक्रम. केर ३:२७.७९, नुगुसे ३:२७.८०, इंगेब्रिग्टसेन चौथा, पाचवा अमेरिकेचाच हॉब्ज केसलर. हॉकरची त्याआधीची बेस्ट ३:३०.५९, म्हणजे एका शर्यतीत जवळजवळ तीन सेकंद! ८००मध्ये ब्राइस हॉपलने १:४१.६७ चा राष्ट्रीय विक्रम केला आणि तरी चौथा आला.

२०२५च्या टोकियो जागतिक स्पर्धेत हॉकर १५००च्या सेमीफायनलमध्ये धक्काबुक्कीमुळे बाद झाला आणि काही दिवसांनी ५००० मीटर जिंकला. ८००मध्ये त्या ऑगस्टला युजीनच्या राष्ट्रीय स्पर्धेत डोनावन ब्रेझिअर १:४२.१६ ने पहिला आला आणि त्याच्या मागोमाग टेक्सासचा सोळा वर्षांचा कूपर लुटकेनहाउस १:४२.२७ मध्ये, अठरा वर्षांखालच्या वयात जगात कुणीही इतकं वेगात पळालेलं नव्हतं. टोकियोत मात्र लुटकेनहाउस पहिल्याच फेरीत बाहेर पडला.