ब्लॅकलिस्ट (मेल सर्व्हर)

स्पॅम पाठवणाऱ्या, किंवा तशी दाट शक्यता असलेल्या आयपी पत्त्यांची यादी. ती डीएनएसमधून (नावावरून आयपी पत्ता सांगणारी इंटरनेटची व्यवस्था) विचारता येते, म्हणून तिचे तांत्रिक नाव डीएनएसबीएल; जुने ॲडमिन सवयीने आरबीएल म्हणतात. बाहेरचा सर्व्हर मेल द्यायला पोर्ट २५ वर (सर्व्हर-सर्व्हरमधील मेलचे ठरलेले दार) आला की कंपनीचा मेल सर्व्हर त्याचा पत्ता यादीत आहे का ते पाहतो आणि असल्यास मजकूर उतरवून न घेताच नकार देतो. मजकूर चाळणाऱ्या फिल्टरपेक्षा हे फार स्वस्तात होते. एका छोट्या डीएनएस चौकशीवर काम भागते. मेल डिस्कवर येत नाही आणि प्रोसेसरला ताण पडत नाही.

अशी पहिली यादी, रिअलटाइम ब्लॅकहोल लिस्ट, पॉल विक्सी यांनी १९९७ मध्ये सुरू केली. आरंभी ती बीजीपीमार्गे (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात तो प्रोटोकॉल) राउटरना पुरवली जाई, डीएनएसची सोय पाठोपाठ आली. स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या स्पॅमहाउसच्या याद्या आज सर्वाधिक वापरात आहेत. चौकशीची पद्धत आरएफसी ५७८२ या इंटरनेट-तंत्राच्या दस्तऐवजात (२०१०) लिहून ठेवली आहे.

समजा २०३.०.११३.२५ या पत्त्यावरून कोणी आले. सर्व्हर पत्त्याचे आकडे उलटे लावून पुढे यादीचे नाव जोडतो आणि २५.११३.०.२०३.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग हे नाव डीएनएसला विचारतो. ‘असे नाव नाही’ हे उत्तर आले तर पत्ता स्वच्छ. १२७.०.०.४ सारखे उत्तर आले तर पत्ता यादीत आहे, आणि का आहे ते शेवटचा आकडा सांगतो. झेन ही स्पॅमहाउसची एकत्रित यादी. तिच्यात २ म्हणजे एसबीएल, अर्थात तपासून नोंदवलेले स्पॅमचे स्रोत. ३ म्हणजे सीएसएस, अर्थात यंत्रणेने आपोआप नोंदवलेले कमी पतीचे पाठवणारे. ४ ते ७ म्हणजे एक्सबीएल, यात व्हायरस शिरलेली किंवा बळकावलेली यंत्रे येतात. १० आणि ११ म्हणजे पीबीएल. पीबीएलमधल्या पत्त्याने काही गुन्हा केलेला असतोच असे नाही. घरगुती ब्रॉडबँडसारख्या जोडण्यांनी परक्या सर्व्हरशी पोर्ट २५ वर थेट बोलू नये, एवढेच धोरण त्यामागे आहे.

याच पीबीएलमुळे नव्या ॲडमिनची पहिली फजिती होते. तपासणी सगळ्यांत वर लावली की घरून काम करणाऱ्या, कंपनीच्याच कर्मचाऱ्यांचे मेल अडतात, कारण त्यांचा घरचा पत्ता पीबीएलमध्ये असतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये क्रम असा ठेवावा: आधी स्वतःच्या नेटवर्कला आणि पासवर्ड देऊन आलेल्यांना परवानगी, मग परक्या डोमेनसाठी रिले करण्यास (मेल पुढे पोचवण्यास) नकार, मग पोस्टमास्टर (मेल व्यवस्थापकाचा पत्ता) आणि ओळखीच्या सर्व्हरची पांढरी यादी, म्हणजे न अडवायच्यांची, आणि त्यानंतर रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट हा ब्लॅकलिस्टचा नियम. कर्मचाऱ्यांना मेल पाठवण्यासाठी पोर्ट ५८७ द्यावा आणि त्या पोर्टवर ब्लॅकलिस्ट लावूच नये. सुरुवातीचे एक-दोन आठवडे नियमाआधी वॉर्न_इफ_रिजेक्ट लिहिले की मेल अडत नाही, पण कोणता अडला असता ते लॉगमध्ये दिसते. तो लॉग हिशेब विभाग आणि विक्री विभाग यांच्यासोबत बसून वाचावा. कोणता पुरवठादार खरा, हे ॲडमिनला ठाऊक नसते.

एका यादीच्या शब्दावर मेल नाकारायचा तर ती यादी फार भरवशाची हवी. एरवी गुण देण्याची पद्धत बरी. पोस्टफिक्सच्या २.८ आवृत्तीपासून असलेल्या पोस्टस्क्रीनमध्ये (जोडणी येताच पाठवणाऱ्याला तपासणारा त्याचा भाग) प्रत्येक यादीला वजन देता येते: झेनला ३, बॅराकुडाला २, स्पॅमकॉपला १, आणि नकाराची मर्यादा ३. म्हणजे झेन एकटी पुरते, बाकीच्या दोघींनी मिळून बोलावे लागते. पोस्टस्क्रीनची मूळ सेटिंग नोंद मिळाली तरी मेल पुढे सोडते. ती ‘एनफोर्स’ करायला विसरले की सारी मांडणी केवळ लॉगपुरती उरते. बॅराकुडाची यादी वापरण्याआधी आपल्या सर्व्हरची नोंदणी करावी लागते. यूसीईप्रोटेक्टची तिसरी पातळी अख्ख्या नेटवर्क पुरवठादाराला यादीत घालते. तिच्या जोरावर मेल नाकारणे शहाणपणाचे नाही.

खरा घोटाळा पत्ते चुकीचे असण्यापेक्षा उत्तरे चुकीची वाचण्यात होतो. पोस्टफिक्सला नुसते यादीचे नाव दिले तर आलेले कोणतेही उत्तर तो ‘यादीत आहे’ असेच धरतो. आता सर्व्हरचा डीएनएस ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरवर (इतरांसाठी डीएनएसची उत्तरे शोधून देणारा सर्व्हर) ठेवलेला असेल, तर स्पॅमहाउस त्या वाटेने आलेल्या चौकशीला १२७.२५५.२५५.२५४ हे उत्तर देते. त्याचा अर्थ ‘या मार्गाने विचारू नका’. मोफत वापराची मर्यादा ओलांडली तर शेवटचा आकडा २५५ येतो, यादीचे नाव चुकीचे टाइप केले तर २५२. ही सगळी उत्तरे नोंद म्हणून वाचली गेली की जगातून येणारा प्रत्येक मेल परत जातो, आणि कंपनीत ‘आज मेल कसे शांत आहे’ अशी चर्चा दुपारपर्यंत चालते. उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. सर्व्हरवरच अनबाउंडसारखा स्वतःचा रिझॉल्व्हर चालवावा आणि तो फॉरवर्डिंगवर, म्हणजे चौकशा दुसऱ्या रिझॉल्व्हरकडे ढकलणारा, ठेवू नये. नियमात यादीच्या नावापुढे अपेक्षित उत्तरांची कक्षा लिहावी: =१२७.०.०.[२..११]. चौकशा जास्त असतील किंवा वापर व्यावसायिक असेल तर सशुल्क सेवा घ्यावी. मोफत सेवा कमी उलाढालीच्या, अव्यावसायिक वापरासाठी आहे, हे कंपन्या सोयीस्करपणे विसरतात.

दुसरा धोका बंद पडलेल्या यादीचा. ओआरडीबी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, पण हजारो सर्व्हर तिला विचारतच राहिले. मार्च २००८ मध्ये तिने सरसकट प्रत्येक पत्ता ‘यादीत आहे’ असे उत्तर द्यायला सुरुवात केली, तेव्हा लोकांना जाग आली. एएचबीएलने २०१५ च्या आरंभी हाच मार्ग धरला. स्पॅमकॉप तर चालू यादी. पण ३१ जानेवारी २०२१ ला तिच्या डोमेनची मुदत संपली, डोमेन पार्किंगवर (बेवारस डोमेनसाठीच्या तात्पुरत्या पानावर) गेले आणि कोणत्याही नावाला उत्तर मिळू लागले. उत्तरांची कक्षा लिहिलेले सर्व्हर त्या दिवशी वाचले. सॉर्ब्स जून २०२४ मध्ये बंद झाली. तिचे नाव आजही इंटरनेटवरून उचललेल्या जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये सापडते. यादी जिवंत आहे का ते पाहण्याची सोय आरएफसीतच आहे: १२७.०.०.२ विचारल्यावर नोंद मिळालीच पाहिजे, १२७.०.०.१ विचारल्यावर मिळता कामा नये. ही तपासणी क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) रोज लावावी आणि उलटे घडल्यास ती यादी लगेच काढावी.

नकार जोडणी चालू असतानाच द्यायचा असतो: ५५४ ५.७.१, सोबत यादीचे नाव आणि कारण पाहण्याचा दुवा. मग खऱ्या पाठवणाऱ्याला त्याचाच सर्व्हर कळवतो आणि तो फोन तरी करतो. आधी मेल स्वीकारून नंतर परत धाडला तर तो बनावट पत्त्याच्या निरपराध मालकाकडे जातो आणि आपणच यादीत जाण्याची वेळ येते. गुपचूप गाळून टाकणे त्याहून वाईट, कारण कोणालाच काही कळत नाही. पोस्टमास्टरच्या पत्त्यावर ब्लॅकलिस्ट लावू नये. अडलेल्या माणसाला दाद मागायला तेवढे एक दार असते. नकारांचे लॉगही जपून ठेवावेत. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतातील कंपन्यांना लॉग १८० दिवस ठेवावेच लागतात.

मेल थेट न येता आधी दुसऱ्या गेटवेवरून किंवा दुय्यम एमएक्सवरून (डोमेनचा मेल स्वीकारणारा पर्यायी सर्व्हर) येत असेल तर सर्व्हरला फक्त त्या गेटवेचा पत्ता दिसतो आणि तपासणी निरर्थक ठरते. तिथे ती गेटवेवरच लावावी. जीमेल किंवा आउटलुकच्या चोरलेल्या खात्यांतून येणारा स्पॅमही पत्त्याच्या यादीने अडत नाही, कारण त्या पत्त्यांवरून खरे मेलही येतात. त्यासाठी मजकुरातील दुव्यांची डोमेने तपासणाऱ्या डीबीएल, एसयूआरबीएल यांसारख्या याद्या स्पॅमअसॅसिन या मजकूर चाळणाऱ्या फिल्टरमध्ये गुणांसाठी वापरतात.

आपलाच सर्व्हर यादीत आला तर नाव काढण्याच्या फॉर्मकडे धावण्याआधी कारण शोधावे. नाहीतर पत्ता पुन्हा यादीत येतो आणि पुढच्या वेळी सुटका उशिरा होते. बहुतेकदा एखाद्या मेलबॉक्सचा पासवर्ड फुटलेला असतो: रांगेत हजारो मेल साचलेले दिसतात आणि लॉगमध्ये एकच लॉगिन अनेक देशांतून आलेले आढळते. रांग स्वच्छ असेल तर ऑफिसातले एखादे संक्रमित यंत्र त्याच सार्वजनिक आयपीवरून परस्पर पाठवत असते. फायरवॉलवर मेल सर्व्हर वगळता सर्वांचा बाहेर जाणारा पोर्ट २५ बंद केला की ते थांबते आणि फायरवॉलच्या लॉगमधून यंत्रही सापडते. स्पॅमकॉपची नोंद नव्या तक्रारी थांबल्यावर २४ तासांत आपोआप जाते. नोंद पीबीएलची असेल, पत्ता स्थिर असेल आणि त्याचे उलटे डीएनएस नाव (पत्त्यावरून मिळणारे नाव) सर्व्हरच्या नावाशी जुळत असेल तर ती स्पॅमहाउसच्या संकेतस्थळावरून स्वतः काढता येते. पत्ता बदलता असेल तर तो प्रयत्न सोडून मेल पुरवठादाराच्या रिले सर्व्हरमार्फत पाठवावे.