मवाळांचा ऱ्हास (कोकणातील विधिमंडळ निवडणुका)

दोन टोकांच्या मधली भूमिका घेणारे आणि समोरच्या बाकावरच्या माणसाशीही काम करू शकणारे उमेदवार निवडणुकीगणिक कमी होत जातात, निवडून येणारा जो तो आधी पक्षाचा आणि मग मतदारसंघाचा होतो, या प्रक्रियेला मवाळांचा ऱ्हास म्हणतात. अशा मधल्या माणसांसाठी मराठीत मवाळ, नेमस्त, प्रागतिक असे बरे शब्द आहेत. प्रचाराच्या दिवसांत गावात मात्र त्यांना ‘कुंपणावरचा’ किंवा ‘तळ्यात-मळ्यात’ म्हणतात, आणि त्यात कौतुक नसते. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांत विधानसभेच्या अनुक्रमे ७, ५ व ३ अशा १५ जागा आहेत. या नोंदीत मुख्यतः त्यांचा विचार केला आहे. इथे मवाळ मावळले त्याचे कारण पक्षांच्या विचारांतली दरी रुंदावली हे नाही. विचार बाजूला पडले आणि निष्ठा माणसाला चिकटली, हे आहे.

शब्द आणि त्याचा इतिहास

‘मवाळ’ हा शब्द राजकारणात रुळला तो कोकणात जन्मलेल्या दोन माणसांच्या मतभेदातून. टिळक १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मले, गोखले १८६६ मध्ये गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला. दोघांचे सार्वजनिक आयुष्य पुण्यात गेले आणि भांडण देशभर पोचले. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात जोडे आणि खुर्च्या उडाल्या व जहाल-मवाळ असे उभे तट पडले. गोखले १९०२ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात होते. सरकारी बहुमतापुढे आपण हरणार हे ठाऊक असतानाही ते आकडे जुळवून अंदाजपत्रकावर बोलत, विधेयके मांडत. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

पुढे १९१८ मध्ये मवाळांनी काँग्रेसबाहेर पडून स्वतःचा प्रागतिक पक्ष काढला. १९२० ला काँग्रेसने कौन्सिलांवर बहिष्कार टाकला म्हणून त्यांना मैदान मोकळे मिळाले. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रँग्लर र. पु. परांजपे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले ते याच काळात. १९२३ मध्ये स्वराज्य पक्ष रिंगणात उतरला आणि प्रागतिकांची दाणादाण उडाली. बंगालात तर खुद्द सुरेंद्रनाथ बॅनर्जी पडले. सभागृहात अभ्यासू म्हणून मान असणे वेगळे आणि मतपेटीतून निघणे वेगळे, हे मवाळांना तेव्हाच कळले होते.

सिद्धांत आणि अमेरिकेचा अनुभव

अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये याच्या नेमके उलट गणित मांडले. दोनच पक्ष असतील आणि मतदार डावी-उजवीकडे पसरलेले असतील, तर जिंकण्यासाठी दोन्ही पक्षांना मधल्या मतदाराकडे सरकावेच लागते. हे खरे ठरले असते तर मवाळांना सुगीचे दिवस यायला हवे होते. खुद्द अमेरिकेतच ते आले नाहीत. तिथे दक्षिणेकडचे पुराणमतवादी डेमोक्रॅट आणि ईशान्येकडचे उदार रिपब्लिकन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू संपले. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत मोजके आणि कडवे मतदार येतात. त्यामुळे मधल्या माणसाचा निकाल सार्वत्रिक निवडणुकीच्या आधीच लागतो. तिथल्या अभ्यासकांनी सदस्यांची सभागृहातली नोंदवलेली मते तपासून प्रत्येकाची जागा एका रेषेवर मांडली. साठच्या दशकात दोन्ही पक्षांचे बरेच सदस्य त्या रेषेवर एकमेकांत मिसळलेले दिसतात. आज सर्वांत उजवा डेमोक्रॅटही सर्वांत डाव्या रिपब्लिकनच्या डावीकडेच असतो.

ही पट्टी कोकणाला लावता येत नाही. आपल्याकडे विधेयके बहुधा आवाजी मतदानाने मंजूर होतात, आणि मतविभागणी झालीच तरी पक्षादेश निघालेला असतो. सगळ्यांचे मत एकच असल्यावर रेषेवर ठिपके मांडायचे कोणाचे? प्राथमिक निवडणूकही नाही. उमेदवारी म्हणजे एबी फॉर्म, पक्षाने अधिकृत उमेदवार ठरवल्याचे पत्र; तो वरून येतो, आणि कधी कधी अर्ज भरायच्या शेवटच्या दुपारी. तालुक्यातल्या मधल्या मतदाराला आवडणारा माणूस आणि एबी फॉर्म मिळवणारा माणूस एकच असेल, याची हमी कोणी देत नाही.

खोतीपासून समाजवाद्यांपर्यंत

मवाळपणा म्हणजे नेहमीच शहाणपण, असे मात्र समजू नये. अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ मध्ये खोतांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या, जमिनी कसणे बंद केले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालचा हा संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. कुळाच्या घरात भात नसताना खोत आणि कूळ यांच्या मधोमध उभे राहणे म्हणजे खोताच्या ओसरीवर बसणेच होते. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. शेतकरी कामगार पक्षाची (शेकाप) रायगडातली पाळेमुळे या झगड्यात आहेत. अलिबाग, पेण, पनवेल पट्ट्यात लाल बावटा आणि काँग्रेस यांच्यातली तेढ पिढ्यान्‌पिढ्या चालली, सोयरिकी ठरवतानाही तिचा विचार होई. पण त्या तेढीला जमिनीचा आधार होता. कोण कोणाच्या विरुद्ध का, हे बांधावरचे पोरही सांगू शकत असे.

दक्षिणेकडे राजापूर लोकसभा मतदारसंघाने वेगळाच नमुना दाखवला. वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै प्रजा समाजवादी पक्षातर्फे १९५७, १९६२ व १९६७ मध्ये निवडून आले. त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते १९७१ पासून सलग पाच सार्वत्रिक निवडणुका जिंकले. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या १९८४ च्या लाटेतही त्यांची जागा टिकली. दोघेही विचाराने पक्के समाजवादी होते, पण वागण्यात मवाळ. संसदेला मूलभूत हक्क कमी करता येत नाहीत, या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार परत आणण्यासाठी नाथ पैंनी खासगी विधेयक मांडले. मूठभर खासदारांच्या पक्षातल्या सदस्याचे विधेयक संयुक्त समितीपर्यंत पोचले, आणि त्यातला गाभा पुढे १९७१ च्या २४ व्या घटनादुरुस्तीत आला. दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले तेव्हा ते अर्थमंत्री होते, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. गाडी १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावली. तोवर राजापूरने दंडवत्यांना घरी बसवून सात वर्षे झाली होती: १९९१ मध्ये ते काँग्रेसच्या सुधीर सावंत यांच्याकडून हरले.

चाकरमानी आणि माणसाला चिकटलेली निष्ठा

शिवसेना १९६६ मध्ये मुंबईत निघाली, पण तिची कोकणातली वाट चाकरमान्यांच्या ट्रंकेतून आली. गिरणीत, गोदीत, बेस्टमध्ये नोकरी करणारा माणूस गणपतीला आणि शिमग्याला गावी येताना शाखेची भाषा घेऊन येई. प्रत्येक वाडीचे मुंबईत मंडळ असते; देवळाच्या जीर्णोद्धारापासून पाखाडीपर्यंतचा पैसा तिथून येतो. ज्याचा पैसा त्याच्या शब्दाला वजन, हे ओघानेच आले. मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईहून भरून निघणाऱ्या गाड्या ही इथल्या निवडणुकीची जुनी ओळख आहे. गाडीत बसतानाच मत ठरलेले असते. घरी राहून दोन्ही उमेदवारांना ऐकणारा, खड्ड्यांचा आणि पाण्याचा हिशेब मागणारा मतदार मुळातच कमी, आणि तोही घटतो आहे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क कमी झाली. २००८ च्या फेररचनेत संगमेश्वर आणि खेड हे विधानसभा मतदारसंघच नकाशावरून गेले.

नव्वदीनंतर सेनेचा जम बसला आणि निष्ठेचे स्वरूप बदलले. नारायण राणे १९९० मध्ये मालवणमधून सेनेचे आमदार झाले, १९९९ मध्ये मुख्यमंत्री. २००५ मध्ये ते काँग्रेसमध्ये गेले आणि त्याच मालवणच्या पोटनिवडणुकीत त्यांच्यापुढे सेनेच्या उमेदवाराची अनामत जप्त झाली. २०१४ मध्ये कुडाळात ते स्वतः हरले, नंतर स्वतःचा पक्ष काढला, तो भाजपमध्ये विलीन केला आणि २०२४ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गमधून लोकसभेवर गेले. भास्कर जाधव सेनेतून राष्ट्रवादीत आणि तिथून परत सेनेत आले. उदय सामंत व दीपक केसरकर राष्ट्रवादीतून सेनेत गेले. यांतल्या कोणाच्याही बदलाने मतदारसंघातले तट पुसले नाहीत. कार्यकर्ते तेच, वैरे तीच, फक्त गळ्यातले उपरणे बदलले. पक्षनिष्ठेवर आवेशाने बोलणाऱ्या प्रदेशात पक्ष सोडणे एवढे निर्धोक असावे, हे बाहेरच्याला चमत्कारिक वाटते. गटनिष्ठा म्हटले की कोडे सुटते.

अपक्षाचेही तसेच. पूर्वी अपक्ष म्हणजे कोणाचाच नसलेला वकील किंवा डॉक्टर. आता अपक्ष म्हणजे एबी फॉर्म न मिळालेला बंडखोर. उरणमधून २०१९ मध्ये अपक्ष निवडून आलेले महेश बालदी भाजपचेच बंडखोर होते, आणि २०२४ मध्ये ते भाजपच्या चिन्हावर जिंकले.

पक्षांतरबंदी आणि २०२२

१९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आणले. पक्षादेश मोडून मत दिले तर सदस्यत्व जाते. सुरुवातीला एक तृतीयांश सदस्य फुटले तर संरक्षण होते. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ते काढले आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट तेवढी ठेवली. कायद्याचा हेतू चांगला होता. पण एखाद्या विधेयकापुरते एकट्याने वेगळे मत देणे, म्हणजे मवाळाचे नेहमीचे काम, धोक्याचे झाले. घाऊक स्थलांतराला मात्र दार राहिले.

जून २०२२ मध्ये ते दार किती रुंद आहे हे दिसले. २० जूनला विधान परिषदेची निवडणूक गुप्त मतदानाने झाली, मते फुटली, आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे यांच्यासह आमदार सुरतेला निघाले. (मराठी राजकारणातल्या फुटीला सुरतच का लागते, हा अभ्यासाचा वेगळा विषय होईल.) २०१९ मध्ये या तीन जिल्ह्यांत सेनेचे ९ आमदार आले होते. ६ शिंदे यांच्याबरोबर गेले. भास्कर जाधव, राजन साळवी आणि वैभव नाईक उद्धव ठाकरे यांच्याकडे राहिले. महाडचे भरत गोगावले नव्या गटाचे प्रतोद, म्हणजे पक्षादेश काढणारे, झाले. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी ती नेमणूक बेकायदा ठरवली आणि १० जानेवारी २०२४ च्या निर्णयात विधानसभाध्यक्षांनी ती वैध मानली. पक्षादेश मोडला का, या प्रश्नाआधी पक्ष कोणता आणि आदेश कोणाचा, हाच प्रश्न दीड वर्ष चालला. नोव्हेंबर २०२४ मध्ये गेलेले सहाही जण पुन्हा निवडून आले, राहिलेल्या तिघांपैकी एकटे जाधव टिकले. १५ पैकी १४ जागा महायुतीकडे गेल्या. रायगडात शेकापच्या पदरी एकही जागा पडली नाही; २०१४ मध्ये अलिबाग आणि पेण या दोन जागा त्याच्याकडे होत्या.

मधले मत कुठे गेले

मधले मत नाहीसे झालेले नाही, त्याला उमेदवार नाही. याचे ठळक उदाहरण राजापूरचा तेलशुद्धीकरण प्रकल्प. वर्षाला ६ कोटी टन क्षमतेचा हा प्रकल्प आधी नाणारला ठरला, विरोधानंतर २०१९ च्या लोकसभा निवडणुकीआधी तिथली भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री म्हणून उद्धव ठाकरे यांनीच केंद्राला पत्र लिहून बारसूची जागा सुचवली. सत्ता गेल्यावर त्यांचा पक्ष बारसूच्या विरोधकांच्या बाजूने उभा राहिला. पक्षाचे स्थानिक आमदार साळवी प्रकल्पाला अनुकूल बोलत होते. ते २०२४ मध्ये हरले आणि २०२५ मध्ये शिंदे यांच्या पक्षात गेले. दरम्यान, ‘रोजगार हवा, पण कातळशिल्पे, आंबा आणि मासेमारी सांभाळून, आधी अभ्यास दाखवा’ असे म्हणणारा माणूस दोन्हीकडून शिव्या खात होता. एका बाजूला तो दलाल, दुसऱ्या बाजूला विकासविरोधी.

तोच दाब वाडीतही असतो. गावकीने अमुक उमेदवार ठरवला की वेगळे मत म्हणजे गावाशी द्रोह. वाळीत टाकण्याच्या तक्रारी रायगडातून इतक्या आल्या की त्यांचाही २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याला हातभार लागला. आणि मधल्या मतदाराचे मोल तर कमी झालेले नाही. रायगड लोकसभेला २०१४ मध्ये अनंत गीते २,११० मतांनी जिंकले. हरलेल्या सुनील तटकरे यांच्याच नावाच्या एका अपक्षाला त्याहून जास्त मते पडली होती.

नेमस्त माणूस अजून निवडून येतो तो ग्रामपंचायतीत. तिथली निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. गावपॅनेल असते, दोन पक्षांची माणसे एका पॅनेलमध्ये बसतात, कधी सगळे बिनविरोध होते. निकालाच्या संध्याकाळी मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी प्रत्येक पक्ष आपल्या सरपंचांचा आकडा जाहीर करतो, आणि त्या आकड्यांची बेरीज ग्रामपंचायतींच्या संख्येपेक्षा जास्त भरते.