अनवट पियानो रचना: मागे का पडल्या, परत कशा आल्या

नाशिकमध्ये पियानो शिकणारी मुलं बहुधा लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षांच्या वाटेने जातात. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो येतो, यादीतल्या रचना आठव्या ग्रेडपर्यंत बसवल्या जातात आणि पुढे गेलंच तर शोपँ, फ्रान्झ लिस्ट असे गाजलेले रचनाकार. आल्काँ, मेड्टनर, सोराबजी ही मागे पडलेल्या रचनाकारांची नावं भेटतात ती यूट्यूबवर भटकताना.

या रचना अवघड, म्हणून मागे पडल्या असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. लिस्टचे एत्यूद (वादनतंत्र घोटवणाऱ्या रचना) काय सोपे आहेत? तरी ते जगभर वाजतात. वाजवणारा, छापणारा किंवा पैसा लावणारा, यांपैकी एक जरी गळाला तरी रचना गप्प होते.

शार्ल-व्हालांतँ आल्काँ (१८१३–१८८८) पॅरिसमध्ये शोपँचा शेजारी होता. १८४८ मध्ये तिथल्या सरकारी संगीत विद्यालयातलं पियानोचं मोठं पद त्याला हुलकावणी देऊन मार्मोंतेल या दुसऱ्या पियानोवादकाकडे गेलं. त्यानंतर लवकरच आल्काँने मैफली सोडल्या, त्या १८७३ पर्यंत. मधल्या काळात, १८५७ मध्ये, त्याच्या बारा एत्यूदचा संच, ओपस (रचना क्रमांक) ३९, छापून आला. त्यातले आठ ते दहा क्रमांक मिळून एक कॉन्चेर्टो, म्हणजे एरवी एकल वादक आणि वाद्यवृंदाने मिळून वाजवायची रचना, होतो, पण त्यात वाद्यवृंदच नाही! वाद्यवृंदही तुम्हीच, एकल वादकही तुम्हीच. नुसत्या पहिल्या भागाला अर्धा तास लागतो. कागद होता, पण ऐकवणारा घरात बसलेला. बुसोनी आणि एगॉन पेट्री या पियानोवादकांनी आल्काँचं नाव टिकवलं. १९६०च्या दशकात रेमंड लेवेन्थाल, रोनाल्ड स्मिथ या वादकांनी ते मैफलीत परत आणलं, आणि पुढे मार्क-आंद्रे हॅमेलिनच्या ध्वनिमुद्रणांनी नव्या पिढीला वेड लावलं.

निकोलाय मेड्टनरची अडचण पैशाची. लंडनमध्ये राहणाऱ्या या रशियन रचनाकाराचं जर्मन प्रकाशकांकडून येणारं उत्पन्न दुसऱ्या महायुद्धात आटलं. मदतीला धावले ते म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार. ते स्वतः पियानो शिकलेले. त्यांच्या खर्चाने मेड्टनरने उतारवयात आपले तिन्ही कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केले आणि तिसरा महाराजांनाच अर्पण केला. आपल्याकडच्या दरबारांनी गवय्ये सांभाळले हे आपण अभिमानाने सांगतो; हा किस्साही त्याच रांगेत बसायला हवा.

खैखुश्रू शापुरजी सोराबजीचं प्रकरण सगळ्यांत विचित्र. वडील मुंबईचे पारशी इंजिनिअर, जन्म १८९२ मध्ये इंग्लंडात. त्याची ‘ओपस क्लाविचेम्बालिस्टिकुम’ ही सुमारे चार तासांची रचना त्यानेच १ डिसेंबर १९३० रोजी ग्लासगोत पहिल्यांदा वाजवली. १९३६ मध्ये लंडनमध्ये दुसऱ्या वादकाने तिचा पहिला भाग इतका रखडवला, की वेळ जवळजवळ दुप्पट लागला. त्यानंतर सोराबजी आपलं संगीत कोणी जाहीरपणे वाजवू नये यावर अडून बसला. पियानोवादक योंटी सॉलोमनला परवानगी मिळायला १९७६ उजाडलं. ‘ओपस क्लाविचेम्बालिस्टिकुम’ पुन्हा पूर्ण वाजली १९८२ मध्ये, नेदरलँड्समधल्या युट्रेख्तला, जेफ्री मॅजच्या हातून. चीज शिष्याला न देता सोबत नेणारे उस्ताद आपण ऐकलेत, पण छापील रचनेला कुलूप लावणारा हाच.

घराण्यांच्या बंदिशी छापील स्वरलिपीत आणण्यासाठी झटलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांचा आश्रम नाशिकचाच, म्हणून इथे तरी कागदाचं मोल वेगळं सांगायला नको. पाश्चात्त्य संगीतात ते काम एडवर्ड गुओ या विद्यार्थ्याने २००६ मध्ये सुरू केलेल्या आयएमएसएलपी या संकेतस्थळाने केलं. हक्क (कॉपीराइट) संपलेल्या संगीताची पानं तिथे फुकट मिळतात. ऑस्ट्रियातल्या एका प्रकाशकाच्या नोटिशीमुळे २००७ मध्ये ते बंद पडलं, पण २००८ मध्ये पुन्हा उघडलं.

भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. आल्काँ तर कधीचाच मोकळा. १९५१ मध्ये गेलेला मेड्टनर २०१२ पासून. १९८८ मध्ये गेलेल्या सोराबजीची पानं मात्र २०४८ संपेपर्यंत विकतच घ्यावी लागतील.