चमकतो तोही गंजच

पावसाळ्यात पन्हाळ्याहून परत आलेली गाडी जरा वाकून बघा. बेंड पाईपवर लाल चिखल भाजून विटेसारखा घट्ट बसलेला असतो. सायलेन्सरवर रेनकोटची कड वितळून काळा पट्टा उमटलेला असतो. आणि इंजिनातून बाहेर पडून पाईप जिथं वळतो, तिथं पिवळा, जांभळा, निळा असा रंग चढलेला असतो. चिखल आणि रेनकोट बाहेरून आले. निळा रंग त्या धातूनंच धरलाय. आपण मात्र तिन्हींना एकाच घासणीनं झोडपतो.

आमच्या गल्लीतल्या एकानं तो निळा काढायला संडास धुवायचं ॲसिड ओतलं. फेस आला, निळं गेलं, गडी खूश. दुपारी उन्हात बघतो तर पाईपवर पिवळट डाग. पाईपवरचं क्रोमच, म्हणजे क्रोमियम धातूचा मुलामाच, उतरलं होतं आणि खालचं निकेल वर आलं होतं. त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि क्रोमियम त्यात चक्क विरघळतं.

आता गंमत अशी की क्रोमची चमक टिकते ती गंजामुळंच. हवेतला ऑक्सिजन लागला की क्रोमियमवर लगेच ऑक्साइडचा थर धरतो, म्हणजे तसा गंजच. पण लोखंडाच्या गंजासारखा तो फुगत नाही, पापुद्रे सोडत नाही. जाडी जेमतेम काही नॅनोमीटर. आपला केस ७०-८० हजार नॅनोमीटरचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. थर पारदर्शक असल्यानं खालची चमक दिसत राहते, आणि ओरखडा पडला तर तो आपोआप पुन्हा धरतो. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी पोलादात क्रोमियम मिसळून न गंजणारं पोलाद ओतलं, त्यामागं हाच थर. स्टेनलेस म्हणवून घ्यायला पोलादात साधारण साडेदहा टक्के तरी क्रोमियम लागतं.

पाईप तापला की हा थर जाड होतो. थराच्या वरच्या आणि खालच्या, अशा दोन पृष्ठभागांवरून प्रकाश परततो आणि दोन्ही लाटा एकमेकींत मिसळतात, तेव्हा थराच्या जाडीप्रमाणं काही रंगांच्या लाटा एकमेकींना खोडतात. थर थोडा जाड झाला की आधी निळा प्रकाश मारला जातो आणि पाईप पिवळा दिसतो. आणखी जाड झाला की लाल-पिवळा मारला जातो, उरतो निळा. ओल्या डांबरावर सांडलेल्या पेट्रोलचे रंग दिसतात ते याच हिशेबानं. रंगद्रव्य कुठंच नाही, सगळा खेळ जाडीचा. स्टेनलेसवर फिकट पिवळा सुमारे ३०० अंश सेल्सिअसला येतो, जांभळा साडेचारशेच्या आसपास, निळा ५०० च्या पुढं. धातूची जात आणि तापण्याचा वेळ यांवर आकडे हलतात.

म्हणून जाणता मिस्त्री पाईपचा रंग बघून इंजिनाची नाडी ओळखतो. नव्या गाडीला थोडा रंग येणारच. पण अचानक निळा वाढला, तर हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय किंवा ठिणगी उशिरा पडतेय का, हे आधी बघावं. गाडी जागेवर उभी करून रेस करत बसणं तर सगळ्यात वाईट, कारण वारा लागत नाही. ज्याला आवाजच ऐकवायचा आहे त्याला कोण सांगणार!

स्टेनलेसचा पाईप पॉलिश लावून घासता येतो, कारण क्रोमियम आरपार असतं. क्रोम केलेल्या पाईपवर मात्र क्रोमचा थर बहुधा अर्ध्या मायक्रोनचासुद्धा (मायक्रोन म्हणजे हजार नॅनोमीटर) नसतो. पॉलिश पेपरनं चार हात मारले की संपला. त्यावर गंजाचे ठिपके असतील तर चपाती गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल चुरगाळून, पाण्यात बुडवून हलक्या हातानं फिरवावी. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा बरंच मऊ, त्यामुळं ठिपके निघतात आणि चरे पडत नाहीत. खोबरेल तेल लावायच्या भानगडीत पडू नये. ते पाईपवर जळतं आणि तपकिरी साय धरतं. पाईप थंड झाल्यावरच हात लावावा आणि शेवटी कोरड्या फडक्यानं बोटांचे तेलकट ठसे पुसावेत, नाहीतर तेही भाजून पक्के होतात.

एवढं करूनही सायलेन्सर सडतो, आणि तोही आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. घरापासून मंडईपर्यंत दोन किलोमीटर गाडी मारली तर सायलेन्सर पुरता तापत नाही. वाफ आतच थंड होते, पाणी साचतं, त्यात धुरातली आम्लं उतरतात. थंडीत सकाळी सायलेन्सरच्या टोकातून टपटपतं ते हेच पाणी. ते निघून जावं म्हणून बऱ्याच सायलेन्सरना खालच्या बाजूला बारीक भोक ठेवलेलं असतं. कुणी ते गळतंय म्हणून एमसील लावून बुजवतो, कुणाचं चिखलानं बुजतं.

माझं चिखलानं बुजलं होतं. वरून आरशासारखा चकचकीत सायलेन्सर घेऊन मी उद्यमनगरात गेलो. मिस्त्रीनं पान्यानं टकटक केली. पुढं ‘टण्’ वाजलं, मागं ‘थप्’. त्यानं खालून भोकात तार फिरवली आणि गुळाच्या चहासारखं पाणी त्याच्या मनगटावरून ओघळलं.