नागरिक विज्ञान (पक्षीनोंदणी)

पेशाने संशोधक नसलेल्या लोकांनी ठरलेल्या पद्धतीने निसर्गाच्या नोंदी करणे आणि त्या अभ्यासासाठी खुल्या ठेवणे, याला नागरिक विज्ञान म्हणतात. भारतात वन्यजीव संरक्षणाला त्याचा सर्वांत भरीव हातभार पक्षीनिरीक्षकांकडून लागला आहे.

अमेरिकेत नाताळात पक्षी मारण्याच्या स्पर्धा लागत. मारण्याऐवजी पक्षी मोजावेत, असे पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी सुचवले आणि २५ डिसेंबर १९०० रोजी २७ जणांनी पहिली गणना केली. भारतात १९८७ पासून जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. २००७ मध्ये ‘मायग्रंटवॉच’ सुरू झाले. स्थलांतरित पक्षी कधी आले आणि कधी गेले, हे लोक कळवत. पावसाच्या तोंडावर येणाऱ्या चातकाच्या आगमनाच्या तारखाही अशाच जमल्या. आज बहुतेक नोंदी ‘ईबर्ड’वर होतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचे हे व्यासपीठ २००२ पासून चालू आहे.

नोंदीचा कणा म्हणजे संपूर्ण यादी. किती वेळ पाहिले, किती चाललो आणि ओळखता आलेले सगळे पक्षी कोणते, हे तीत लिहायचे; कावळा, साळुंकी, पारवासुद्धा. दुर्मीळ पक्ष्याचा फोटो मिरवण्याचा मोह स्वाभाविक आहे, पण संशोधनाला अशी साधी, पूर्ण यादी अधिक उपयोगी पडते, कारण काय दिसले नाही हेही तिच्यातून कळते. समजा, एखाद्या तालुक्यातल्या शंभर याद्यांपैकी साठ याद्यांत एखादा पक्षी असायचा आणि काही वर्षांनी तो तिसांतच उरला, तर एकही पक्षी न मोजता घट लक्षात येते. अनपेक्षित नोंदी जाणकार स्वयंसेवक तपासतात, पुरावा मागतात. त्रास किंवा शिकारीचा धोका असलेल्या जातींचे नेमके ठिकाण झाकले जाते.

भारतातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल याच नोंदींवर उभा आहे. चिमणी सगळीकडेच नाहीशी होत आहे, हा लोकप्रिय समज २०२० च्या आवृत्तीने बराच बदलला: देशभरात तिची संख्या साधारण स्थिर, मोठ्या शहरांत मात्र घटती. २०२३ च्या आवृत्तीसाठी सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी वापरल्या गेल्या. ९४२ जातींचा आढावा घेऊन १७८ जातींना संरक्षणात उच्च प्राधान्य द्यावे, असे ठरले. मोर वाढतो आहे. दसऱ्याला ज्याचे दर्शन अनेक भागांत शुभ मानतात तो नीलपंख मात्र झपाट्याने कमी होतो आहे. कालपरवापर्यंत तारांवर सहज दिसणाऱ्या पक्ष्याची ही अवस्था या याद्यांविना इतक्या स्पष्टपणे पुढे आली नसती.

पद्धतीत उणिवाही आहेत. लोक शहरांजवळ, रस्त्याकडेला आणि प्रसिद्ध पाणथळींवर जास्त पाहतात. आडबाजूची माळराने, शेते रिकामी राहतात. संख्याशास्त्राने हा असमतोल काही अंशी सावरता येतो, पण जिथे कोणी गेलेच नाही तिथली माहिती गणिताने तयार होत नाही. केरळने त्यावर चांगला उपाय केला: २०१५ ते २०२० या काळात राज्यभर आखलेल्या चौकटींत हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी कोरड्या आणि पावसाळी अशा दोन्ही हंगामांत गणना करून पक्षी-नकाशासंग्रह तयार केला.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडणाऱ्या या आठवड्यात अनेक नवखे पहिली यादी भरतात.