एनएमओ: अ‍ॅस्ट्रोसाइटवर हल्ला करणारा आजार

दोन-दोन दिवस उचकी थांबत नाही किंवा उलट्या होतच राहतात. एंडोस्कोपीत काही सापडत नाही आणि काही दिवसांनी त्रास आपोआप ओसरतो. पुढे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्याच व्यक्तीला एका डोळ्याने दिसेनासे होते, किंवा पायांतली ताकद जाते आणि लघवी अडते. पोटाचे डॉक्टर वेगळे, डोळ्यांचे वेगळे, मेंदूचे वेगळे. त्यामुळे हे धागे जुळवायला उशीर होतो. या सगळ्यामागे एकच आजार असू शकतो, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला एनएमओ. त्यात पहिला घाव बसतो तो अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या पेशीवर.

मेंदूचा विषय निघाला की आपण न्यूरॉनबद्दल बोलतो. पण न्यूरॉनने संदेश देताना सोडलेले ग्लुटामेट उचलायचे, बाहेर साठलेले पोटॅशियम शोषून घ्यायचे आणि पाण्याचा तोल राखायचा, ही कामे ताऱ्यासारख्या फांद्या असलेले अ‍ॅस्ट्रोसाइट करतात. त्यांच्या फांद्यांची टोके मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चहूबाजूंनी वेढून असतात. याच टोकांवर अ‍ॅक्वापोरिन-४ हे प्रथिन दाटीवाटीने बसलेले असते. पाण्याचे रेणू पेशीच्या आत-बाहेर करतात ते त्यातून. शरीरात अशा जलवाहिन्या असतात, हे दाखवणाऱ्या पीटर आग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या व्हांडा लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एनएमओच्या रुग्णांच्या रक्तात एक खास अँटिबॉडी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीने बनवलेले प्रथिन, सापडली. २००५ मध्ये तिचे लक्ष्यही कळले, ते म्हणजे हेच अ‍ॅक्वापोरिन-४. यूजेन देव्हिक यांनी फ्रान्समध्ये १८९४ साली या आजाराचे वर्णन केले होते, तरी शतकभर बहुतेकांनी त्याला मल्टिपल स्क्लेरोसिसचाच, म्हणजे एमएसचा, एक प्रकार मानले. एमएसमध्ये न्यूरॉनच्या तंतूंवरचे मायलिनचे आवरण खराब होते. एनएमओमध्येही मायलिन जाते, पण ते नंतर.

अँटिबॉडी अ‍ॅस्ट्रोसाइटला चिकटली की रक्तातली कॉम्प्लिमेंट ही प्रथिनांची साखळी जागी होते आणि पेशीच्या आवरणाला भोके पाडते. अ‍ॅस्ट्रोसाइट मरतो, पांढऱ्या पेशी आत घुसतात, सूज येते. आधार गेल्यामुळे मायलिन बनवणाऱ्या पेशी मरतात आणि शेवटी न्यूरॉनचे तंतूही तुटतात. मेंदूच्या देठात उलटीचे नियंत्रण करणारी एक जागा आहे. तिथे रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर मुळातच सैल असतो आणि अ‍ॅक्वापोरिन-४ भरपूर असते. उचकी आणि उलटी येते ती तिथूनच.

एमएस आणि एनएमओ यांतला हा फरक केवळ अभ्यासकांच्या कामाचा नाही. इंटरफेरॉन बीटा, नॅटालिझुमॅब आणि फिंगोलिमॉड ही एमएसची औषधे एनएमओमध्ये आजार वाढवू शकतात. म्हणून डोळ्याची नस किंवा मज्जारज्जू सुजलेला असेल आणि चित्र एनएमओकडे झुकत असेल, तर एमएसचे औषध सुरू करण्याआधी अँटिबॉडीची तपासणी व्हायलाच हवी, असे आमचे ठाम मत आहे. एमआरआयमध्ये मज्जारज्जूची सूज सलग तीन किंवा जास्त मणक्यांच्या लांबीची दिसली, तर संशय बळावतो. तपासणी रक्ताची करावी, पाठीतल्या पाण्यापेक्षा रक्तातच ही अँटिबॉडी जास्त खात्रीने सापडते. जिवंत किंवा स्थिर केलेल्या पेशींवर अँटिबॉडी चिकटते का हे पाहणारी ‘सेल-बेस्ड’ पद्धत मागावी. एलायझा या दुसऱ्या पद्धतीत कमी पातळीचा निकाल खोटा पॉझिटिव्ह असू शकतो. रक्त शक्यतो प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलण्याच्या उपचाराआधीच घ्यावे, कारण त्यानंतर अँटिबॉडी निघून गेल्याने निकाल निगेटिव्ह येऊ शकतो. मात्र अहवालाची वाट बघत उपचार थांबवू नयेत.

आजाराचा झटका आला, म्हणजे नवी लक्षणे उसळली, की मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज १ ग्रॅम, शिरेतून, ३ ते ५ दिवस देतात. सुधारणा अपुरी असेल, किंवा झटका सुरुवातीपासूनच तीव्र असेल, तर प्लाझ्मा बदलतात, म्हणजे प्लाझ्मा एक्स्चेंज करतात, साधारण ५ ते ७ वेळा आणि बहुधा एक दिवसाआड. त्याने अँटिबॉडी प्रत्यक्ष बाहेर काढली जाते, म्हणून ते जितके लवकर होईल तितका फायदा जास्त.

एनएमओमधले अपंगत्व मुख्यतः झटक्यांमुळे साठत जाते. मधल्या काळात आजार सहसा हळूहळू सरकत नाही. त्यामुळे बरे वाटतेय म्हणून औषध सोडणे फार महागात पडते. झटके टाळण्यासाठी भारतात रिटुक्सिमॅब, अ‍ॅझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट ही रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वापरतात. अ‍ॅझाथायोप्रिनचा परिणाम दिसायला काही महिने लागतात, तोवर स्टेरॉइडच्या गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बीची तपासणी आवश्यक आहे, आणि आपल्याकडे टीबीचीही करून घ्यावी. कॉम्प्लिमेंटची साखळीच अडवणाऱ्या एक्युलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली. ते सुरू करण्याच्या किमान दोन आठवडे आधी मेनिंगोकॉकस या मेंदूज्वराच्या जंतूवरची लस घेतलेली असावी.

हा आजार स्त्रियांमध्ये कितीतरी जास्त दिसतो, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत झटक्याचा धोका वाढतो. त्यामुळे गरोदरपण ठरवतानाच न्यूरॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांशी औषधांबद्दल बोलून घ्यावे. निदान झालेल्या व्यक्तीला नवे लक्षण २४ तासांहून जास्त टिकले, तर पुढच्या ठरलेल्या तारखेपर्यंत न थांबता रुग्णालय गाठावे. त्यात न थांबणारी उचकीही आली.