तारीख, थडगं आणि संत

मदर तेरेसांना २०१६ मध्ये संतपद मिळालं तेव्हा टीव्हीवर दोन चमत्कार, व्हॅटिकनची फाइल, पोपची घोषणा हे इतक्यांदा ऐकलं की लोकांना वाटतं संत पहिल्यापासून असेच होत आलेत. पण पोपने कुणाला संत ठरवल्याची पहिली पक्की नोंद ९९३ सालची आहे, ऑग्सबुर्गचे बिशप उलरिच. मग सेबास्टियन, लॉरेन्स या जुन्या हुतात्म्यांना संत केलं कुणी?

थडग्यापाशी जमणाऱ्या लोकांनी. स्मिर्नात (आजचं इझमिर) दुसऱ्या शतकात म्हाताऱ्या बिशप पॉलिकार्पला मारून जाळलं, लोकांनी अस्थी गोळा करून ठेवल्या आणि ठरवलं की दरवर्षी इथे त्याचा 'जन्मदिवस' करायचा. जन्मदिवस म्हणजे मेला तो दिवस हं, आपण पुण्यतिथी करतो तसं.

मला खरी भारी वाटते ती नोंद ठेवायची पद्धत. साधारण २५० साली उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन ख्रिश्चनांच्या छळामुळे लपून बसलेला असताना पत्रात लिहितो, तुरुंगात कोण कुठल्या दिवशी मेलं ते लिहून ठेवा. रोमची ३५४ सालच्या संग्रहातली हुतात्म्यांची यादी बघा, लॉरेन्स, ऑगस्टच्या इदसआधी ४, तिबुर्तिना रस्ता, बास. ऑगस्टचा इदस म्हणजे १३ तारीख, आणि रोमन लोक उलटं मोजताना ती १३ सुद्धा धरायचे म्हणून १३, १२, ११, १०, म्हणजे १० ऑगस्ट. साल जवळपास कुणाचंच नाही, कारण दरवर्षी जमायचंय त्याला तिथी आणि जागा कळली की झालं. म्हणूनच इपोलित देलेहे हा अभ्यासक या दोन गोष्टींना संताचे कोऑर्डिनेट्स म्हणायचा. लॉरेन्सला लोखंडी जाळीवर भाजलं या कथेवर बऱ्याच इतिहासकारांना शंका आहे, पण थडगं आणि तारीख टिकली, कारण लोक खरंच तिथे जाऊन जेवायचे. रोमच्या सान सेबास्तियानो चर्चखाली भिंतीवर पीटर-पॉलला घातलेली साकडी खरवडलेली ६०० च्या वर सापडलीत, त्यात कुणी दाल्मातियस जेवण घालायचा नवस बोललाय!

भोंदूपणा तेव्हाही होताच. स्वप्नात दृष्टांत झाला म्हणून उभारलेल्या वेद्या मानू नका असं कार्थेजच्या धर्मसभेने ४०१ साली ठरवलं. फ्रान्समध्ये तूरच्या बिशप मार्टिनने तर अशाच एका 'हुतात्म्या'बद्दल जुन्याजाणत्यांना नाव आणि तारीख विचारली, कुणालाच धड सांगता येईना, तेव्हा त्याने तिथे जाणंच बंद केलं. पुढे तो देहदंड दिलेला दरोडेखोर निघाला म्हणे आणि वेदी हलवली. आता हे त्या दरोडेखोराच्या भुतानेच येऊन सांगितलं असं चरित्रकार लिहितो, ते सोडा.